अकोल्याच्या दगडात न सापडलेला चतुर

अकोल्याच्या माणसाला दगडाचे अप्रूप नसते. घराचा पाया दगडावर, शेताचा बांध दगडाचा, विहीर दगडात खणलेली. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला हा तालुका सह्याद्रीला पाठ टेकून बसला आहे. (विदर्भातले अकोला वेगळे. आमच्या नावाची पत्रे अधूनमधून तिकडे सहल करून येतात, म्हणून हा खुलासा.) महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई इथे आहे, हरिश्चंद्रगड आहे, रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा आहे, आणि जिकडे पाहावे तिकडे काळा कातळ आहे. हा दगड आम्ही रोज पाहतो, म्हणजे खरे तर कधीच पाहत नाही.

तो पाहायला आम्हाला एका मुलाने लावले.

मार्च २०२३ ची गोष्ट. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सातवीतला एक मुलगा दप्तराबरोबर एक कापडी पिशवी घेऊन आला. त्याचे वडील विहिरी खणण्याच्या कामावर जातात. मुलाने पिशवीतून तळहाताएवढा पिवळट दगडाचा तुकडा काढला आणि टेबलावर जपून ठेवला. "सर, इसमें पर है." दगडाच्या सपाट बाजूवर काळ्या बारीक रेषा होत्या. मधली एक जाड, तिला फुटलेल्या शाखा, त्या शाखांना आणखी बारीक शाखा. पंखातल्या शिरा असाव्यात तशा.

त्याला पंखच का आठवला, याचा दोष आमच्याकडे जातो. दोनच दिवसांपूर्वी आम्ही वर्गाला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली होती. तिच्यात गरुडाएवढा एक चतुर जंगलातून उडत येत होता आणि मागे डायनासोर चरत होते. चतुर म्हणजे ड्रॅगनफ्लाय. उर्दूत त्याला भंभीरी म्हणतात, पण आमच्या मुलांना तो शब्द पुस्तकातच भेटतो. गल्लीत ती त्याला हेलिकॉप्टरच म्हणतात. चित्रफीत संपल्यावर आम्ही फळ्यावर तीन वाक्ये लिहून दिली होती. डायनासोरच्या काळात प्रचंड आकाराचे चतुर होते. हवेत ऑक्सिजन जास्त होता म्हणून ते एवढे वाढले. ऑक्सिजन घटला आणि ते नष्ट झाले. मुलांनी वहीत उतरवून घेतले. यातले पहिले वाक्य साफ चुकीचे आणि उरलेली दोन अर्धवट होती, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. बी.एड. झालेल्या माणसाच्या हातात खडू आला की त्याच्या अज्ञानालाही अक्षर चांगले येते.

तर आम्ही तो दगड उजेडात धरला आणि वर्गाला सांगितले, "हो सकता है." एवढे दोन शब्द पुरे झाले. मधल्या सुटीपर्यंत शाळेत बातमी पसरली. एक सहकारी म्हणाले, वर्तमानपत्राला कळवू या. संध्याकाळी मुलाचे वडील कामावरचे कपडे न बदलता शाळेच्या दारात आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात विचारले, "सर, इसका कुछ आएगा क्या?" आम्ही म्हटले, आधी दाखवून घेऊ. तो प्रश्न मात्र रात्रभर आमच्या कानात राहिला.

रविवारी आम्ही तो दगड रुमालात गुंडाळून संगमनेरला एका निवृत्त प्राध्यापकांकडे नेला. भूशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी भिंगातून पाहिले आणि आधी चहा मागवला. वाईट बातमी देणाऱ्या डॉक्टरांची हीच पद्धत असते. चहा संपल्यावर ते म्हणाले, हा पंख नव्हे, पानही नव्हे. खडकाच्या फटीत पाणी झिरपते, त्यात विरघळलेले मँगॅनीज असते, त्याचा काळा थर फटीच्या अंगावर फांद्या फुटल्यासारखा पसरत जातो. भल्याभल्यांना तो फसवतो. मग त्यांनी ओळखायची खूण सांगितली. पंखाला कड असते, हिला कड नाही. पंखातल्या शिरा एकमेकींना मिळून जाळी करतात, जाळीत बंद खाने पडतात. इथे फांद्या नुसत्या फुटत जातात, कुठेच मिळत नाहीत. आम्ही भिंग घेऊन पाहिले. एकही बंद खाना नव्हता. इतकी साधी गोष्ट आम्हाला न दिसायचे कारण एकच, आम्हाला पंख हवा होता.

पुढचे वाक्य त्यांनी सहज उच्चारले, पण आमच्या दृष्टीने ते जास्त मोठे होते. "आणि मास्तर, तुमच्या अकोल्याच्या कातळात तो प्राणी सापडणारच नाही. तुम्ही तेवीस-चोवीस कोटी वर्षे उशिरा आलात."

अकोल्याचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तप्त रस बाहेर आला आणि थरावर थर चढत गेले. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. घाटातून एस.टी.ने जाताना काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत त्याची झीज होऊन झालेली ती माती. दख्खनच्या या थरांची भूशास्त्रज्ञांनी जी वर्गवारी केली आहे, तिच्यात पश्चिम घाटातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाचे नाव कळसूबाई उपगट असे आहे. जगात कुठेही दख्खनच्या खडकावर लिहायचे तर आमच्या कळसूबाईचे नाव घ्यावे लागते. आम्ही तिच्या पायथ्याशी इतकी वर्षे राहिलो आणि हे आम्हाला चहाच्या कपावर कळले.

दगडाचे वय दगडाकडे पाहून काढायचे हा विचार नवा नाही, आणि तो फक्त युरोपात सुचला असेही नाही. अल्-बिरूनीने सुमारे १०३० साली पूर्ण केलेल्या हिंदविषयक ग्रंथात इथल्या मैदानांविषयी एक नोंद आहे. जमीन कितीही खोल खणली तरी गोल दगड लागतात. डोंगराजवळ, जिथे नदीला ओढ असते, तिथे ते मोठे. डोंगरापासून दूर, प्रवाह मंदावतो तिथे लहान. समुद्राजवळ त्यांचे पीठ, म्हणजे वाळू. यावरून त्याने तर्क केला की हा प्रदेश एके काळी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने भरून आला असावा. हे वाचून आम्ही रंधा धबधब्यापाशी प्रवरेत पडलेले धोंडे आठवले, आणि नेवाशाच्या पुढे तीच प्रवरा गोदावरीला मिळते तिथली वाळू आठवली. त्याआधी काही वर्षे इब्न सीनाने 'किताब-उश-शिफा'मध्ये चिखल वाळून दगड कसा होतो आणि डोंगरातल्या दगडांत जलचरांचे अवशेष का सापडतात, यावर लिहून ठेवले होते. त्यातल्या या भागाचे लॅटिन भाषांतर १२०० च्या सुमारास झाले, आणि पुढे बराच काळ युरोपात तो ॲरिस्टॉटलचा म्हणून वाचला गेला. उर्दूत जीवाश्माला मुतहज्जर म्हणतात, हजर म्हणजे दगड, त्यावरून. शब्द आपल्या घरात होता, वापरायची सवय मोडली.

आता त्या प्राण्याकडे वळू. तो कोठे सापडला, कोणाला सापडला, हे शोधताना आम्हाला एक जुना परिचित भेटला. मध्य फ्रान्समध्ये कोमाँत्री नावाचे गाव आहे. तिथे दगडी कोळशाच्या खाणी होत्या. १८६० साली एकोणीस वर्षांचा एक इंजिनिअर तिथे नोकरीला लागला आणि पुढे खाणीचा प्रमुख झाला. त्याचे नाव आँरी फेयोल. बी.एड. केलेल्या वाचकांनी आता कपाळाला हात लावावा. शालेय व्यवस्थापनाच्या पेपरला ज्याची चौदा तत्त्वे आम्ही रात्र रात्र जागून पाठ केली, तोच हा फेयोल! व्यवस्थापनावरचे त्याचे पुस्तक १९१६ चे. पण त्याच्या खूप आधी त्याला कोळशाचे थर तयार कसे झाले याचा छंद लागला होता, आणि खाणीत निघणारी पाने, मासे, कीटक यांचे ठसे तो सांभाळून ठेवायला लावी. असे हजारो दगड पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात शार्ल ब्राँन्यार या तरुण संशोधकाकडे गेले.

त्यांत एक फार मोठा पंख होता. १८८० मध्ये तो सापडला, आणि १८८५ मध्ये ब्राँन्यारने त्या प्राण्याला नाव दिले मेगान्यूरा मोनी. मेगान्यूरा म्हणजे मोठ्या शिरांचा, आणि मोनी हे खाण कंपनीतल्या एका प्रमुख माणसाचे आडनाव. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर. वर्गातल्या दोन फूटपट्ट्या एकापुढे एक ठेवा आणि वर चार-पाच बोटे धरा. काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. ब्राँन्यारने कोमाँत्रीच्या कीटकांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि १८९९ मध्ये चाळिशीतच तो गेला. पुढे १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या आंतोन हांडलिर्श यांनी अशा कीटकांचे वेगळे कुळ मांडले, मेगान्यूरिडी. आज या कुळातले कोणीही उरलेले नाही.

पंखच का सापडतात, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. कीटकाचे अंग मऊ. ते कुजते, कोणी तरी खाते. पंख मात्र कोरडा, चिवट आणि कोणाच्या भुकेच्या उपयोगाचा नसतो. तो तुटून तळ्यात पडतो, त्यावर बारीक गाळ बसतो, गाळाचा दगड होतो. म्हणून या सगळ्या कुळाचा इतिहास मुख्यतः पंखांवर लिहिलेला आहे. काही थोड्या दगडांत डोके आणि पायही उमटले आहेत. कोमाँत्रीचाच असा एक नमुना संशोधकांनी पुन्हा नव्याने तपासला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केले की त्याचे डोळे अतिशय मोठे होते, जबड्याला मजबूत दात होते, आणि तो बहुधा आजच्या चतुरासारखा उघड्यावर उडता उडता शिकार पकडत असावा. दगड तोच, सव्वाशे वर्षे कपाटात असलेला. पाहणारे डोळे नवे.

इथे आमच्या फळ्यावरच्या पहिल्या वाक्याचा हिशेब करायला हवा. एक तर मेगान्यूरा हा खरा चतुर नव्हे. त्याला चतुरांचा लांबचा, आधी गेलेला भाऊबंद म्हणावे. आजच्या चतुराचा पंख उजेडात धरला तर पुढच्या कडेच्या मध्यावर एक गाठ दिसते. तिथे पंख थोडा वळतो, पिळतो. टोकापाशी एक गडद ठिपका असतो, तो पंखाचा तोल सांभाळतो. मेगान्यूराच्या कुळात ही गाठ नाही आणि हा ठिपकाही नाही. दुसरे म्हणजे त्याने डायनासोर पाहिलाच नाही. हे कुळ पर्मियन काळाबरोबर, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी संपले. पहिले डायनासोर त्यानंतर दोन कोटी वर्षांनी आले. आणि या कुळातले सगळेच राक्षसी होते असेही नाही. बरेचसे आजच्या मोठ्या चतुराहून थोडेसेच मोठे होते, पण त्यांच्यावर कोणी चित्रफीत काढत नाही.

सर्वांत मोठ्यांपैकी एक अमेरिकेतला. कॅन्सस राज्यातल्या एल्मो गावाजवळच्या खडकांवर फ्रँक कारपेंटर यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि १९३९ मध्ये मेगान्यूरोप्सिस पर्मियाना या जातीचे वर्णन केले. पंखांचा पसारा ७१ सेंटिमीटरच्या आसपास असावा असा अंदाज आहे. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या बोल्सओव्हर येथील कोळशाच्या खाणीत १९७८ मध्ये कामगारांना असाच एका मोठ्या पंखाचा ठसा मिळाला. जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात, कोळसा फोडण्याच्या घाईत कोणा खाणकामगाराचा हात तिथे थांबला, म्हणून तो आज लंडनच्या संग्रहालयात आहे. कोमाँत्रीतही प्रत्यक्ष घण ज्याच्या हातात होता त्याचे नाव प्राण्याला मिळाले नाही. आमच्या विद्यार्थ्याचे वडील विहिरीच्या मलब्यातून तो तुकडा बाजूला काढून ठेवतात, मुलाला नेऊन देतात, हे त्याच जातीचे काम आहे. त्यांच्या हाती निघाले ते मँगॅनीज, एवढाच फरक.

ऑक्सिजनची गोष्ट लांबची आहे. कीटकाला फुप्फुसे नसतात. अंगावरच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि बारीक नळ्यांनी थेट स्नायूपर्यंत जाते. अंग मोठे झाले की नळ्या लांबतात आणि आतपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोचवणे अवघड होते. १९११ मध्ये हार्ले आडनावाच्या दोघा फ्रेंच संशोधकांनी मांडले की त्या काळी हवाच वेगळी, अधिक दाट असली पाहिजे, नाही तर एवढा कीटक उडणार कसा? पुढे हिशेब निघाले की त्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्या २१ टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांच्या आसपास गेला असावा. गोष्ट जुळली, आणि ती पाठ्यपुस्तकांतून आमच्यापर्यंत आली.

पण फ्रान्समध्येच लोदेव नावाच्या ठिकाणी पर्मियनच्या उत्तरार्धातल्या खडकांत या कुळाचे बरेच मोठे पंख सापडले आहेत, पसारा ४५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. तोवर हवेतला ऑक्सिजन बराच खाली आला होता, असे मानले जाते. मग त्यांना कोणी मोठे ठेवले? काही अभ्यासक म्हणतात, आकाशात त्यांना खाणारे कोणी नव्हते. पक्षी नव्हते, वटवाघळे नव्हती, उडणारे सरडे नव्हते. हवेचे राज्य कीटकांचेच होते. २०१२ मध्ये दोघा संशोधकांनी साडेदहा हजारांहून अधिक जीवाश्म पंखांची मापे एकत्र करून पाहिली. त्यांना दिसले की पहिली सुमारे पंधरा कोटी वर्षे कीटकांचा कमाल आकार ऑक्सिजनच्या चढउताराबरोबर चालतो. पण सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, पक्षी येतात त्या सुमाराला, ही जोडी फुटते. ऑक्सिजन वाढतो, कीटक वाढत नाहीत. आमचे मत विचाराल तर ऑक्सिजनने दार उघडले असेल, पण आत बसायला जागा रिकामी होती हेही तितकेच महत्त्वाचे. सातवीच्या वहीत हे एका ओळीत मावत नाही, आणि आम्ही ते मावते असे भासवले होते.

सगळ्यांत अवघड प्रश्न त्या मुलाचा होता. "उस वक़्त हमारे यहाँ क्या था सर?" फ्रान्सच्या दलदलीत मेगान्यूरा उडत होता तेव्हा महाराष्ट्रात काय होते? त्या वेळी कोमाँत्रीची भूमी विषुववृत्ताजवळ होती. आपली भूमी आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना चिकटलेली, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला. आणि तिच्यावर बर्फ होता. ही कवीकल्पना नव्हे. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या फेडन यांना १८७० च्या दशकात चंद्रपूर भागात इरई येथे चुनखडकाची अशी फरशी आढळली की जिच्यावर सरकत्या बर्फात अडकलेल्या धोंड्यांनी समांतर ओरखडे काढले आहेत. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्या चंद्रपुरात! मुलांना हे सांगितले तेव्हा वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई पाहायला आल्या.

मग बर्फ वितळला, जंगले वाढली, गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी हा आपला कोळसा त्या काळातला, मेगान्यूराच्या कुळाच्या उत्तरायुष्यातला. त्यातले ओळखीचे झाड म्हणजे ग्लॉसॉप्टेरिस, जिभेच्या आकाराचे पान असलेले. या पानाला नाव दिले १८२८ मध्ये, पॅरिसमध्ये, आणि देणारे होते अडॉल्फ ब्राँन्यार. शार्ल ब्राँन्यार त्यांच्याच घराण्यातला. भारतातून गेलेल्या कोळशातल्या पानाचे आणि फ्रान्सच्या कोळशातल्या पंखाचे बारसे एकाच घराण्यात झाले. आमच्या कामठीच्या नातेवाइकांना आम्ही हे फोनवर सांगितले. विणकरांच्या त्या गावाचे नाव वाळूच्या खडकाच्या एका मोठ्या थराला दिलेले आहे, हे त्यांनाही नवे होते. त्यांनी विचारले, पण तुझी तब्येत बरी आहे ना?

नागपूरकडचे हे दगड जगापुढे आणले ते स्टीफन हिस्लॉप यांनी. स्कॉटलंडहून १८४५ मध्ये आलेले हे मिशनरी. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आजही आहे. त्यांच्या धर्मकार्याशी आम्हाला इथे कर्तव्य नाही, पण शिकवता शिकवता दगड गोळा करणारा हा माणूस आम्हाला आपल्या व्यवसायातला वाटतो. सोबती रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर १८५५ मध्ये लेख प्रसिद्ध केला. सिलेवाड्याची पाने, मांगलीची एका जुन्या उभयचराची कवटी आणि टाकळीचे कीटक अभ्यासकांपर्यंत पोचले ते त्यांच्याच खटपटीने. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. वय पंचेचाळीस.

यातली टाकळी आमच्या कामाची. ती जागा आज नागपूर शहरातच आहे. लाव्हाचा एक लोट येऊन थंड झाला आणि पुढचा यायला वेळ लागला तर मधल्या काळात खळग्यांत पाणी साचे. तळी होत, शेवाळ धरे, गोगलगायी येत, काठावर झाडे वाढत. पुन्हा लाव्हा येई आणि तळ्याचे पान मिटून जाई. अशा एका मिटलेल्या तळ्यात हिस्लॉप यांना कीटकांचे अवशेष मिळाले. १८६० मध्ये अँड्र्यू मरे यांनी लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात त्यांच्यावर टिपण लिहिले. ते बहुतांशी भुंगेऱ्यांचे पंख होते, वरचे, कवचासारखे टणक. आकाराने लहान, कोणी चित्रफीत काढावी असे काहीच नाही. पण तो काळ आमच्या कळसूबाईच्या दगडाचा आहे. लाव्हा थंड होता होता मधे जगणारे जीव कोणते, याचे उत्तर त्या इवल्या पंखांत आहे.

सोमवारी आम्ही वर्गात गेलो. आधी मुलाच्या घरी जाऊन वडिलांना सांगायला हवे होते, ते आम्ही आदल्या रात्रीच केले होते. चौकटीतच उभे राहून सगळे सांगितले. त्यांनी दगड परत हातात घेतला, अंगठ्याने पुसला आणि म्हणाले, "कुएँ को पानी लगा ना सर, वही बहुत है." मग आत बोलावून जेवायला बसवले. आम्ही "हो सकता है" म्हणताना त्यांच्या घरी काय काय हिशेब मांडले गेले असतील, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हाला विचारायची हिंमत झाली नाही.

वर्गात मुलांना वह्या उघडायला लावल्या आणि ती तीन वाक्ये खोडायला सांगितली. एका मुलीने विचारले, "सर, लाल पेन से?" आम्ही म्हटले, हो, लालच. मग भिंतीवर खडूने तीन मीटर लांब रेघ ओढली. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षे. उजवे टोक म्हणजे आज. डाव्या टोकाला मेगान्यूरा. तिथून अर्धा मीटर अलीकडे, म्हणजे आजपासून अडीच मीटरवर, त्याचे कुळ संपते. २ मीटर ३० वर पहिले डायनासोर. दीड मीटरवर पहिले पक्षी. ६६ सेंटिमीटरवर अकोल्याचा दगड, आणि डायनासोरांचा शेवटही तिथेच. माणूस कुठे, म्हणून मुले शोधू लागली. तीन लाख वर्षे म्हणजे तीन मिलिमीटर. ती खडूच्या रेघेच्या जाडीतच संपली. मुलगा उठला, भिंतीपाशी गेला, ६६ वर एक बोट आणि ३०० वर दुसरे ठेवायला त्याने हात ताणून पाहिले. पोचत नव्हते. दोघांनी मिळून ते केले.

दगड आता विज्ञानाच्या कपाटात आहे. चिठ्ठी उर्दूत आणि मराठीत लिहिली आहे: मँगॅनीज, विहिरीतून, अकोले तालुका, मार्च २०२३. खाली मुलाच्या वडिलांचे नाव आहे, त्यांना विचारून.

त्याच वर्षी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरात, शाळेच्या मैदानावर पिवळसर चतुरांचे थवे आले. दरवर्षी येतात. पँटाला फ्लॅव्हेसन्स ही त्यांची जात. यांच्यापैकी काही भारतातून मालदीववरून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले आहे. पसारा जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. मधल्या सुटीत तो मुलगा एक मेलेला चतुर वहीच्या पानावर ठेवून आमच्याकडे घेऊन आला. व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली सापडला म्हणाला. भिंग मागून घेतले, पंख उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिला.

"गाँठ है सर," तो म्हणाला, "ठिपका भी है. और ख़ाने सब बंद हैं."